गाडी ओवाळण्याआधी

कुकर घेताना आमच्या ह्यांनी झाकण, शिट्टी, रबरी रिंग सगळं दुकानातच दहा वेळा बघितलं होतं. पण तीन वर्षांपूर्वी मोटारसायकल आणायला निघालो, तेव्हा लक्ष सगळं घड्याळाकडे! दसऱ्याचा मुहूर्त टळायला नको ना! शोरूममध्ये हार झाला, पेढे झाले, ह्यांनी चार कागदांवर सह्या केल्या नि गाडी दारात आली. ओवाळताना निरांजनाच्या उजेडात मलाच दिसला टाकीवरचा बोटभर पोचा. दुकानदार म्हणाला, "वाटेत लागलं असेल. गाडी सुस्थितीत मिळाल्याची तुमची सही आहे." आणि सही होती!

म्हणून यंदा धाकट्या भावोजींच्या गाडीला आम्ही दोघी जावा बरोबर गेलो, आणि गेलो ते मुहूर्ताच्या आठवडाभर आधी, भर दुपारी. नोंदणी अजून व्हायची होती. मैत्रिणींनो, हेच महत्त्वाचं. एकदा आरटीओत गाडी आपल्या नावावर चढली, की दोष निघाला तरी दुकानदार दुरुस्ती करून देईल, बदलून देणं मात्र कठीण.

पहिली गाडी दाखवली तिच्या मडगार्डवर ओरखडा. दुसरी मागितली. विक्रेत्याने तोंड वाकडं केलं, करू दे! दुसरी उन्हात आणवली. साडी खोचून जाऊबाई खाली वाकल्या, तेलाचा थेंब कुठे दिसतो का ते बघायला. मी टायर पाहिले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. १८२५ असतील, तर तो २०२५ सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला. गाडी गोदामात किती पडून होती याचा त्यावरून अंदाज येतो. दिवे, हॉर्न, दोन्ही ब्रेक, दोन्ही किल्ल्या बघितल्या आणि सतरा अक्षरांचा चेसिस नंबर वहीत उतरवून घेतला. घरी येणारी गाडी हीच ना, हे नंतर त्यावरूनच पडताळायचं.

साडीगार्ड मात्र नव्हतं. "हल्ली कोणी लावत नाही, ताई." अहो, मागे बसणाऱ्या आम्ही! मागच्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं तरी चाक झाकलेलं असावं, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमातच आहे. हे सांगितल्यावर गार्ड आतूनच निघालं.

कागद बघताना जाऊबाईंनी आणखी एक गोष्ट पकडली. मालकाच्या पंधरा लाखांच्या अपघात विम्यात वारसाची जागा कोरीच! भावोजी हसायला लागले, "आत्तापासूनच?" पण जाऊबाईंनी तिथल्या तिथे आपलं नाव लिहायला लावलं.

दसऱ्याला गाडी आली, तेव्हा आधी वहीतला नंबर जुळवला, मग सही. मुहूर्ताला अजून वीस मिनिटं होती.