दोषांचा उपयोग

पदार्थांतील दोष नाहींसे केले म्हणजे तो अधिक उपयुक्त होतो, अशी आपली सामान्य समजूत आहे. परंतु जेथें दोष काढून टाकिल्यानें उपयुक्तताच नष्ट होते, असें एक उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १९११ सालीं हॉलंडांतील लायडेन येथें कामरलिंग ओनेस यांस असें आढळलें कीं, पारा उणे २६९ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला असतां विजेच्या प्रवाहास होणारा त्याचा विरोध एकाएकीं लुप्त होतो. अशा पदार्थांस अतिसंवाहक म्हणतात. पुढें १९८६ सालीं झुरिचजवळ बेडनॉर्झ व म्युलर यांनीं तांबें व प्राणवायु असलेल्या एका संयुगांत हाच गुण बऱ्याच वरच्या उष्णतामानास दाखविला. १९८७ सालीं तयार झालेलें इट्रियम, बेरियम, तांबें व प्राणवायु यांचें संयुग तर उणे १८० अंशांसच अतिसंवाहक होतें. त्यास थंड करण्यास उणे १९६ अंशांचा द्रव नत्रवायु पुरतो.

“मग सर, सगळ्या तारा त्याच्याच कां करीत नाहींत?” असें एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें. प्रश्न मार्मिक आहे.

प्रबळ चुंबकीय क्षेत्र या पदार्थांत बारीक नळ्यांच्या रूपानें शिरतें. प्रत्येक नळीभोंवती प्रवाह गरगर फिरतो, म्हणून तिला भोंवरा म्हणतात. यांची उपपत्ति रशियन शास्त्रज्ञ अब्रिकोसॉव्ह यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केली. तारेंतून प्रवाह सोडिला कीं तो भोंवऱ्यांस बाजूस रेटतो. भोंवरे सरकले कीं शक्तीचा व्यय होतो, आणि गेलेला विरोध परत येतो.

भोंवऱ्याच्या गाभ्यांत अतिसंवाहकता नष्ट होते, व त्यास शक्ति खर्चावी लागते. स्फटिकांत दोष असेल तेथें ती अगोदरच क्षीण असल्यामुळें हा खर्च वांचतो. म्हणून भोंवरा तेथेंच, मेखेस बांधलेल्या गुराप्रमाणें, अडकून राहतो. निर्दोष स्फटिकांत त्यास धरून ठेवणारें कांहींच नसतें.

दुसरी अडचण रचनेची आहे. तांबें व प्राणवायु यांचे थर एकावर एक रचलेले असून, प्रवाह थरांतून सुलभ वाहतो, आडवा मात्र कष्टानें. बिस्मथयुक्त संयुगांत थरांचे परस्परबंध फारच सैल असतात. तेथें भोंवरा अखंड दोरीसारखा न राहतां नाण्यांच्या चळतीसारखा होतो, आणि उष्णतेच्या धक्क्यानें एकेक नाणें निसटतें. इट्रियमच्या संयुगांत हे बंध त्या मानानें घट्ट असतात.

यावर शास्त्रज्ञांनीं दोष मुद्दाम पेरण्याचा उपाय काढिला. इट्रियम संयुगाच्या पातळ पटलांत बेरियम झिर्कोनेट मिसळिलें असतां, मिलिमीटरच्या कांहीं दशलक्षांश जाडीचे खांब सर्व थरांतून उभे राहतात व सगळी चळत एकत्र धरून ठेवितात. १९८७ सालच्या संयुगाच्याच जातीच्या पट्ट्यांचा एक मोठा विद्युच्चुंबक अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथें २०२१ सालीं २० टेस्ला क्षेत्रापर्यंत पोंचला.

तथापि दोषांची गर्दी झाली तर प्रवाहास वाटच उरत नाहीं. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, दोष आहे कीं नाहीं एवढेंच पाहून भागत नाहीं. तो कोठें आहे, केवढा आहे आणि तेथें तो काय काम करितो, हें शोधावें लागतें. तारा अजून सर्वत्र कां पसरल्या नाहींत, याच्या उत्तराचा मोठा भाग याच शोधांत आहे.