गुडघेदुखी आणि ट्रॅक्शन : किती अपेक्षा ठेवावी?

गोंदियाच्या धान्यबाजारातील जुन्या पेढ्यांवर आयुष्याचे कितीतरी तास गादीवर मांडी घालून गेलेले असतात. साठीच्या उंबरठ्यावर तीच मांडी जड होते. 48 मिनिटांचे सामायिक आटोपून उठताना भिंतीचा आधार लागतो, खमासमण देताना गुडघा टेकवत नाही. घरात निदान तयारच असते, ‘ग्रीस संपले’. वास्तविक झिजलेली असते ती हाडांच्या टोकांवरची कूर्चा. तिच्यासोबत सांध्याभोवतीचे आवरण आखडते आणि मांडीचे स्नायू दुर्बळ होतात.

अशा रुग्णाला अलीकडे ट्रॅक्शन सुचविले जाते. मान व कमरेचे ट्रॅक्शन आपल्या परिचयाचे आहे. गुडघ्याचेही तत्त्व तेच. रुग्णाला निजवून, गुडघा किंचित वाकवून, मांडी पट्ट्याने स्थिर करतात व घोट्याकडून पाय काही मिनिटे ओढला जातो. सांध्यावरील दाब तेवढा वेळ हलका होतो, आखडलेले आवरण ताणले जाते आणि वेदना काहीशी शमते. याविषयीचे अभ्यास लहान आहेत व दिसलेला लाभ मुख्यतः अल्पकाळाचा. झिजलेली कूर्चा या ओढीने परत येते, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. नेदरलँड्समध्ये शस्त्रक्रियेने बाहेरून चौकट बसवून सांधा काही आठवडे विलग ठेवण्याचा प्रयोग झाला आहे. तो प्रकार निराळा, त्याचे निष्कर्ष टेबलावरील ट्रॅक्शनला लावता येत नाहीत.

सांध्यात जंतुसंसर्ग, अलीकडचा अस्थिभंग, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ किंवा हाडे फार ठिसूळ असल्यास ट्रॅक्शन टाळावे.

खरा भार व्यायामावर आहे. पाय सरळ ठेवून मांडीचे स्नायू आवळणे, पाय सरळ उचलणे, सपाट रस्त्यावर चालणे. वजन एक किलो घटले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. व्यापाऱ्याला हा हिशेब वेगळा समजावावा लागत नाही.

आपल्या घरांत एक धोका मात्र दुर्लक्षित राहतो. उपवासात रिकाम्या पोटी घेतलेली वेदनाशामक गोळी जठराला इजा करू शकते आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडालाही. पर्युषणात दीर्घ तप करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे; अशा गोळ्या स्वतःहून चालू ठेवू नयेत.

झीज फार झाली आणि रात्रीची झोपही मोडू लागली, तर सांधेबदल शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो. कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये कमाल मर्यादा घातली. देयकात त्या भागाची किंमत स्वतंत्र मागून घ्यावी. त्याआधीच्या सल्ल्यासाठी गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तोवर सामायिक खुर्चीवर बसून करण्यास संकोच नसावा.