कॉफीचे यंत्र आणि कपाचा हिशेब

मराठी घरात रोजचा मान चहाचा. कॉफी व्हायची ती पावसाळी संध्याकाळी, परीक्षेच्या जागरणाला किंवा एखाद्या खास पाहुण्यासाठी; आणि तीही भरपूर दुधाची, साखरेची, वरून जायफळ किसून घातलेली. नोकरीनिमित्त बंगळुरू, चेन्नई किंवा हैदराबाद येथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी पितळी फिल्टरची कॉफी आपलीशी केली. आता या दोहोंच्या जोडीला एक तिसरी चव घरात येऊ पाहत आहे, ती म्हणजे एस्प्रेसो. एका कपापुरती कॉफी भरलेली लहानशी कॅप्सूल यंत्रात ठेवायची, बटण दाबायचे, आणि अर्ध्या-एक मिनिटात सोनेरी फेसाची गडद कॉफी तयार! काही भारतीय कंपन्या अशी यंत्रे आणि कॅप्सूल गेली काही वर्षे विकत आहेत. २०२५ मध्ये 'नेस्प्रेसो'नेही दिल्लीत आपले पहिले दालन उघडले.

दुकानातील प्रात्यक्षिक पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हे यंत्र मिक्सर किंवा इस्त्रीसारखे एकदा पैसे मोजून संपणारे नाही. ते घेताना आपण एक यंत्र नव्हे, तर पुढील कित्येक वर्षांचा एक नियमित खर्च निवडत असतो. म्हणूनच खरेदीपूर्वी थोडा विचार आणि थोडे गणित आवश्यक ठरते.

कॅप्सूलची कुळकथा

एस्प्रेसोचा जन्म इटलीतला. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये वाफेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजिया यांच्या तरफेच्या यंत्राने दाब वाढवला आणि कॉफीवर तो सुप्रसिद्ध फेस आणला. इटलीतील एस्प्रेसो संस्थेच्या मानकानुसार सुमारे ७ ग्रॅम कॉफीतून ९ बार दाबाने, साधारण २५ सेकंदांत २५ मिलिलिटर पेय उतरावे लागते. हे जमण्यासाठी दाणे ताजे दळावे लागतात, भुकटी योग्य जाडीची ठेवून नीट दाबावी लागते. थोडक्यात, हात बसावा लागतो.

ही हातोटी यंत्राकडे सोपवण्याची कल्पना 'नेस्ले'चे अभियंता एरिक फाव्र यांची. त्यांच्या पद्धतीचे पेटंट १९७६ मध्ये घेतले गेले आणि १९८६ मध्ये 'नेस्प्रेसो' ही कंपनी स्थापन झाली. मोजून भरलेली, हवाबंद कॉफी. तिला सुया टोचून आत शिरणारे गरम पाणी. आणि दाब वाढताच फाटणारा खालचा पातळ पडदा, एवढीच ही युक्ती.

आरंभी व्यवसाय मंद होता. १९८८ मध्ये सूत्रे हाती घेणारे झाँ-पॉल गायार यांनी कार्यालयांऐवजी घरगुती ग्राहकांकडे मोर्चा वळवला. यंत्रे इतर उत्पादकांनी बनवावीत, कॅप्सूल मात्र कंपनीने थेट ग्राहकाला विकाव्यात, अशी व्यवस्था बसली. ज्यांनी घरी संगणकाचा प्रिंटर घेतला आहे, त्यांना यातील मर्म सांगायला नको. प्रिंटर परवडतो, शाईची नळी बदलताना खरा खर्च कळतो!

कप मोजा, मग यंत्र पाहा

किमती गावोगावी आणि सवलतींनुसार बदलतात. म्हणून येथे केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, यंत्र १५,००० रुपयांचे आहे, एक कॅप्सूल ५० रुपयांना पडते आणि यंत्र पाच वर्षे चालते. घरात दोघे जण प्रत्येकी दोन कप पीत असतील, तर वर्षाला १,४६० कॅप्सूल लागतील, म्हणजे ७३,००० रुपये. पाच वर्षांत कॅप्सूलवर ३,६५,००० रुपये खर्च होतील. एकूण खर्चात यंत्राचा वाटा शेकडा चारच्या आसपास! यंत्रावर दोन हजारांची सूट मिळते का, यासाठी आपण चार दुकाने पालथी घालतो. वस्तुतः कॅप्सूल पाच रुपयांनी स्वस्त मिळाली, तर याच घरात वर्षाला ७,३०० रुपये वाचतील.

आणखी एक ताळा करून पाहा. कॅप्सूलमध्ये साधारण ५ ग्रॅम कॉफी असते. ती ५० रुपयांना, म्हणजे कॉफीचा भाव किलोला १०,००० रुपये झाला. किलोला १,००० रुपये देऊन आणलेली चांगली कॉफी फिल्टरमध्ये कपामागे दहा ग्रॅम घातली, तरी दहाच रुपये होतात. उरलेली रक्कम सोय, नेमकेपणा आणि वेष्टन यांची किंमत आहे. ती देऊ नये असे नाही. पण ती आपण देत आहोत, याची जाणीव असावी.

कळीचा प्रश्न असा की, हा नवा कप कोणत्या कपाची जागा घेणार आहे? रोज बाहेर २०० रुपयांची कॉफी पिणाऱ्याचे ५० रुपयांच्या कॅप्सूलमुळे कपामागे १५० रुपये वाचतात. शंभर कपांत यंत्राची किंमत वसूल होते. मात्र तोच कप घरच्या चहाची किंवा फिल्टर कॉफीची जागा घेणार असेल, तर बचत काहीच नाही; तो निव्वळ वाढीव खर्च आहे. एकाच यंत्राबाबत दोन घरांची उत्तरे भिन्न असतात, ती यामुळेच.

हप्त्यांवर खरेदी करतानाही हीच दृष्टी ठेवावी. 'शून्य टक्के व्याज' या योजनांत व्याजाचा भार अनेकदा प्रक्रिया शुल्कात किंवा न मिळालेल्या रोख सवलतीत दडलेला असतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना अशा योजनांबाबत स्पष्ट सूचना दिल्या होत्या. शिवाय हप्ता यंत्राचा असतो आणि काही महिन्यांत संपतो. कॅप्सूलचा खर्च संपत नाही.

कुलूप आणि किल्ली

प्रत्येक यंत्र ठरावीक आकाराचीच कॅप्सूल स्वीकारते. नेस्प्रेसोच्या मूळ पद्धतीची पेटंटे २०१२ च्या सुमारास संपू लागली आणि अनेक कंपन्यांनी तिला जुळणाऱ्या कॅप्सूल बाजारात आणल्या. गंमत म्हणजे त्यांत स्वतः गायार यांनी नंतर काढलेली कंपनीही होती! त्यामुळे या पद्धतीत ग्राहकाला निवडीला वाव आहे. याउलट, २०१४ मध्ये आलेली त्याच कंपनीची 'व्हर्टुओ' पद्धत कॅप्सूलवरील सांकेतिक रेषा वाचून चालते. तेथे पर्याय फारच कमी. यंत्र घेण्यापूर्वी त्याच्या कॅप्सूल आपल्या गावी किमान दोन कंपन्यांकडून मिळतात का, हे पाहावे. विक्रेता एकच असेल, तर भाव तोच ठरवणार.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राबाबत विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेतील वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३० व्होल्टचा. तिकडचे यंत्र येथे थेट जोडल्यास निकामी होण्याचा धोका आहे, आणि दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर १,५०० वॉटच्या भाराला पुरेल असा घ्यायचा, तर तो यंत्राहून जड! शिवाय अमेरिकेत घरोघरी दिसणारी 'के-कप'ची यंत्रे अल्प दाबावर गाळलेली कॉफी देतात. ती एस्प्रेसो नव्हे. परदेशातील हमी येथे लागू होते का, हेही आधी विचारून घ्यावे.

स्वयंपाकघरातील कसोट्या

जाहिरातीतील '१५ बार' किंवा '१९ बार' हे आकडे पंपाची कमाल क्षमता दाखवतात. एस्प्रेसोला ९ बार पुरतात. म्हणून केवळ या आकड्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत. त्यापेक्षा पाण्याची टाकी किती मोठी आहे, ती काढून धुता येते का आणि दुरुस्तीची सोय जवळ आहे का, हे महत्त्वाचे. ही यंत्रे बहुधा १,२०० ते १,५०० वॉटची असतात. ६ ॲम्पिअरचे साधे सॉकेट २३० व्होल्टला १,३८० वॉटपर्यंतच भार पेलते. त्याहून मोठ्या यंत्रासाठी १६ ॲम्पिअरचे सॉकेट हवे.

बोअरवेलचे जड पाणी हा या यंत्रांचा शत्रू. तापणाऱ्या बारीक नळीत क्षारांचे थर साचतात, पाणी पुरेसे तापत नाही आणि धार मंदावते. शुद्ध केलेले पाणी वापरावे आणि उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे ठरावीक काळाने क्षार काढणारे द्रावण फिरवावे.

चवीचा मुद्दा तर सर्वांत महत्त्वाचा. यंत्रातून उतरतो तो साधारण ४० मिलिलिटरचा, कडवट, बिनदुधाचा घोट. आपल्याला पेलाभर दुधाळ कॉफी लागत असेल, तर सौम्य कॅप्सूल दुधात हरवून जाते. गडद भाजलेली, रोबस्टाचे प्रमाण अधिक असलेली कॅप्सूल निवडावी आणि दूध फेसाळणाऱ्या उपकरणाचा खर्चही हिशेबात धरावा. बिनदुधाची कॉफी घरात कुणालाच रुचत नसेल, तर फिल्टर किंवा गॅसवर ठेवायचे 'मोका' भांडे अधिक समाधान देईल.

कॅप्सूलची जमेची बाजूही मान्य करायला हवी. सुटी कॉफी एकदा उघडली की तिचा सुगंध झपाट्याने उडतो. मुंबई-कोकणच्या दमट पावसाळ्यात तर विशेषच. दिवसाला एकच कप पिणाऱ्या एकट्या व्यक्तीला हवाबंद कॅप्सूलमधून महिनोन्महिने सारखीच चव मिळते, वाया काही जात नाही आणि चुलीपाशी उभे राहावे लागत नाही.

उरलेल्या डबीचे काय?

प्रत्येक कपामागे एक डबी उरते. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशातून कॅप्सूल कॉफी खरेदी करण्यावर बंदी घातली, ती याच कारणाने. अ‍ॅल्युमिनिअमचा पुनर्वापर मात्र उत्तम होतो. खनिजापासून नवा धातू करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. त्यासाठी डबी कापून ओला चोथा कुंडीतल्या खतात आणि धुतलेला धातू सुक्या कचऱ्यात, एवढे कष्ट घ्यावे लागतात. पुन्हा भरता येणाऱ्या पोलादी कॅप्सूलही मिळतात. त्यांनी खर्च आणि कचरा दोन्ही कमी होतात. पण दळणे, भरणे, धुणे परत आपल्याकडे येते.

वाचकहो, निर्णयापूर्वी एक सोपा प्रयोग करा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपण दुधाचा हिशेब लिहितो. तिथेच महिनाभर घरी आणि बाहेर प्यायलेल्या प्रत्येक कॉफीची खूण करा. महिनाअखेर बाहेरचे कप किती, ते मोजा आणि एका कॅप्सूलच्या किमतीने गुणा. तेवढी रक्कम दरमहा आनंदाने खर्च करण्याची तयारी असेल, तर यंत्र जरूर आणा. खुणा चार-दोनच निघाल्या, तर त्या चार दिवशी बाहेरची कॉफी मजेत प्या आणि घरी दुधाच्या कॉफीवर जायफळ किसा. दोन्ही निर्णय शहाणपणाचेच. फक्त ते हिशेबानंतर घेतलेले असावेत.