दाह विझवणारं प्रथिन

पायात काटा मोडला, जंतू आत शिरले, की तो भाग लाल होतो, सुजतो, ठणकतो. हा दाह हवाच. त्यामुळेच तर जंतू मरतात. चार दिवसांनी सूज उतरली, की दाह आपसूक ओसरला असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो ओसरवावा लागतो, आणि ते काम पेशींनाच करावं लागतं.

दाहाची सूत्रं एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाच्या हाती असतात. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये ते शोधलं. एरवी आय-कप्पा-बी नावाचं दुसरं प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर जखडून ठेवतं. धोक्याचा संदेश आला की पेशी हे आय-कप्पा-बी नष्ट करते. सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतं आणि दाहाची जनुकं भराभर चालू करतं. पण त्या जनुकांमध्ये आय-कप्पा-बीचंही जनुक असतं! नव्यानं तयार झालेलं आय-कप्पा-बी केंद्रकात जाऊन एनएफ-कप्पा-बीला बाहेर काढतं. दाह सुरू करणाऱ्या हुकमातच तो आवरण्याचाही हुकूम असावा, यापेक्षा सुंदर रचना मला पेशीत दुसरी दिसत नाही.

त्याच हुकमानं ए-२० हे प्रथिनही तयार होतं. विश्व दीक्षित यांच्या गटानं १९९० मध्ये त्याची ओळख करून दिली. दाहाचा संदेश पेशीत पुढे सरकतो तो प्रथिनांवर चढणाऱ्या युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या साखळ्यांच्या आधारानं. ए-२० त्या साखळ्यांचं काम रोखतं, म्हणजे संदेश वाटेतच तुटतो. ए-२० नसलेले उंदीर अनेक अवयवांच्या दाहानं लहानपणीच मरतात, हे २००० साली दिसलं. माणसात ए-२०च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी आजाराला पुरते. तोंडात आणि जननेंद्रियांवर वारंवार व्रण, ताप, आतड्यांचा दाह असा त्रास बालपणापासून होणाऱ्या कुटुंबांमध्ये हा दोष २०१६ मध्ये सापडला.

स्टिरॉइड औषधंही एनएफ-कप्पा-बीलाच दाबतात. २०२०च्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. शिवाय दाह दाबला की जंतूंना वावही मिळतो: पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गानं गाठलेल्यांत मधुमेही आणि स्टिरॉइड घेतलेले रुग्ण मोठ्या संख्येनं होते. म्हणून स्टिरॉइड डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, आणि चालू असेल तर मनानं एकदम बंदही करू नका.