नाकातली चमकी बदलताना

गणपती किंवा एखादे लग्न जवळ आले की आपल्या मुलींना नाकातली टायटॅनियमची साधी चमकी काढून आजीने दिलेली सोन्याची घालायची असते. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नव्हे. पण इथे अमेरिकेत नाक टोचून घेतले तेव्हा बरीच चौकशी केली होती, ती आपल्या सभासदांच्या उपयोगी पडावी.

कानाची पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते. नाकपुडीला चार ते सहा महिने, कधी जास्तही लागतात. जखम बाहेरून आत भरत जाते, त्यामुळे वरून बरी दिसली तरी आत ओली असू शकते. हल्ली कॉलेजातली काही मुले-मुली स्तनाग्रही टोचून घेतात; तिथे नऊ महिने ते वर्ष धरावे. पुढे बाळाला पाजताना तो दागिना आधी काढायलाच हवा, नाहीतर बाळाच्या घशात जाण्याची भीती. विषय निघालाच तर रागावण्याआधी एवढे सांगा.

आपले २२ कॅरेटचे सोने शुद्ध खरे, पण मऊ. त्यावर चटकन चरे पडतात आणि चऱ्यांत घाण बसते. शिवाय फिरकीच्या चमकीचे आटे भोकातून जाताना कानशीसारखे घासतात. म्हणून पहिले वर्षभर टायटॅनियम किंवा १४ ते १८ कॅरेटचे, निकेल नसलेले सोने बरे. काडीची जाडीही जुळवून घ्या. १८ गेज म्हणजे साधारण १ मिलिमीटर आणि २० गेज म्हणजे ०.८, आकडा वाढला की काडी बारीक होते. हा उलटा हिशेब कोणी काढला कोण जाणे!

बदलायचे ते गरम पाण्याच्या अंघोळीनंतर, म्हणजे खपली मऊ होते. हात साबणाने धुवा, बेसिनच्या भोकाला बूच लावा, नवी चमकी हाताशी ठेवा. भोक रिकामे राहिले तर काही मिनिटांतही आकसते. काडी सरळ जात नसेल तर जोर करू नका; टोचणाऱ्याकडे जा.

आणि नाक लाल, गरम होऊन पू आला, ताप आला, तर चमकी स्वतः काढू नका. भोक मिटले की पू आतच कोंडतो. हळद, स्पिरिट, पेरॉक्साइड काही लावू नका. निर्जंतुक सलाइनने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.