फिटर सिनेटची निवडणूक लढवतो तेव्हा

वस्त्यांमध्ये तरुणांसोबत काम करताना एक प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो: आपला वायरमन, आपला फिटर, आपला मेकॅनिक कधी खासदार होणार? त्यावर तिथलाच कोणीतरी म्हणतो, हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. एवढ्यावर चर्चा संपते. ती संपू नये म्हणून अमेरिकेतील एक निवडणूक समजून घेऊ. उमेदवार हरला, पण शिकण्यासारखे बरेच आहे.

कोण होते हे उमेदवार?

डॅन ऑस्बॉर्न हे नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात केलॉग्जच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीचे काम करणारे मेकॅनिक. त्याआधी ते नौदलात होते. राजकारणात त्यांचे नाव कोणी ऐकलेले नव्हते.

ऑक्टोबर 2021 मध्ये केलॉग्जच्या चार कारखान्यांतील सुमारे 1,400 कामगार संपावर गेले. नव्या कामगारांना जुन्यांपेक्षा कमी पगार आणि कमी सवलती, हा मुख्य वाद होता. मशीन एकच, काम एकच, पगार दोन. कायम आणि कंत्राटी हा भेद पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. ओमाहाच्या युनियनचे अध्यक्ष ऑस्बॉर्न होते. संपकऱ्यांच्या जागी कायमस्वरूपी दुसरे लोक भरू, असे कंपनीने जाहीर केले, तरी कामगार हटले नाहीत. अडीच महिन्यांनी करार झाला आणि नव्या कामगारांना कायम होण्याचा मार्ग मिळाला.

2023 मध्ये ऑस्बॉर्न यांची नोकरी गेली. चाळिशी उलटलेला हा माणूस वाफेच्या पाइपांचे काम करणारा शिकाऊ फिटर झाला आणि त्याच काळात सिनेटसाठी अपक्ष उभा राहिला.

निवडणुकीत काय झाले?

नेब्रास्का हा रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. समोर दोन वेळा निवडून आलेल्या सिनेटर डेब फिशर होत्या. डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवार दिला नाही, पण ऑस्बॉर्न यांनी त्या पक्षाचा पाठिंबाही नाकारला. किमान वेतनवाढ, युनियन करण्याचा हक्क, रेल्वे सुरक्षा, शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र स्वतः दुरुस्त करण्याचा हक्क, हे त्यांचे मुद्दे होते.

निकालात फिशर यांना सुमारे 53 टक्के आणि ऑस्बॉर्न यांना सुमारे 46.5 टक्के मते मिळाली. त्याच दिवशी त्याच राज्यात ट्रम्प यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी सुमारे 20 टक्क्यांची आघाडी घेतली होती. म्हणजे ट्रम्प यांना मत देणाऱ्या अनेकांनी सिनेटसाठी या मेकॅनिकला मत दिले. 2026 साठी त्यांनी पुन्हा उमेदवारी जाहीर केली, ती अब्जाधीश घराण्यातील सिनेटर पीट रिकेट्स यांच्याविरुद्ध.

असे उमेदवार दुर्मीळ का?

राज्यशास्त्राचे अभ्यासक निकोलस कार्न्स यांनी दाखवले आहे की अमेरिकेत निम्म्याहून अधिक लोक कामगार वर्गातले असले, तरी संसदेत त्या पार्श्वभूमीचे सदस्य दोन टक्केही नसतात. कामगार नालायक असतो किंवा लोक त्याला मत देत नाहीत, असे नाही. मुळात तो उभाच राहू शकत नाही. प्रचारासाठी महिनोन्महिने पगार कोण सोडणार? आणि पक्ष तिकीट देताना आधी पैसा उभा करणारा माणूस शोधतात. ऑस्बॉर्न यांच्या बाजूनेही बाहेरच्या गटांनी मोठा खर्च केला होता, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे लोकसभेची अनामत 25,000 रुपये, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला 12,500. अपक्षाला दहा सूचक लागतात. एकषष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त. महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाला 95 लाखांची मर्यादा आहे, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादा नाही. कायद्याने दार उघडे आहे, उंबरठा मात्र पैशाचा आहे.

आपला प्रश्न इथून सुरू होतो

ऑस्बॉर्न यांनी श्रीमंतांविरुद्ध कामगार अशी मांडणी केली. पण मते जोडण्यासाठी त्यांनी सीमेच्या प्रश्नावर ट्रम्प यांच्या बाजूने जाहिरातही केली. भिंत बांधायला मदत हवी असेल तर आपल्या हाताला कामाची सवय आहे, असा तिचा सूर होता. कामगारांची एकी स्थलांतरित कामगाराला वगळून होत असेल, तर ती किती दिवस टिकेल?

कुशल कामाचा इतिहासही पाहू. अमेरिकेत स्टीमफिटर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांच्या युनियनांनी कृष्णवर्णीयांना वर्षानुवर्षे बाहेर ठेवले. म्हणून 1969 च्या फिलाडेल्फिया योजनेत सरकारला याच कामांसाठी भरतीची उद्दिष्टे घालावी लागली. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. हा विटाळ मालकाइतकाच शेजारी उभा असलेला कामगारही पाळत होता.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि 1937 च्या निवडणुकीत 17 पैकी 14 उमेदवार निवडून आणले. पण पक्षाच्या नावात मजूर आले म्हणून त्यांनी जातीचा प्रश्न बाजूला ठेवला नाही. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. ऑस्बॉर्न यांच्या प्रचारात एकच शत्रू दिसतो.

मग करायचे काय?

ऑस्बॉर्न यांना उमेदवार तिकिटाने केले नाही, संपाने केले. अडीच महिने गेटवर उभे राहिलेल्या माणसावर लोकांनी विश्वास टाकला. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार शोधला जातो आणि मग वस्ती जोडायला निघतात. क्रम उलटा हवा. सफाई कामगार, कंत्राटी वायरमन, बांधकाम मजूर यांची संघटना आधी, उमेदवारी नंतर. आणि त्या संघटनेत जातीचा प्रश्न पहिल्या बैठकीपासून टेबलावर हवा. तो निवडणुकीनंतर बघू असे सांगणारा नेता कितीही साधा, कितीही कष्टकरी असला, तरी त्याला आपण प्रश्न विचारलेच पाहिजेत.