तलफ, तार आणि निश्चय

‘दारू वाईट आहे हे कळत असूनही माणूस ती सोडत का नाही?’ व्यसनांवरील पाठ शिकवताना हा प्रश्न येतोच. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी तर तो रोज संध्याकाळी उभा असतो. ‘मनावर घेतले तर सुटते’ हे आपले ठरलेले उत्तर. मेंदूत तार बसवून दारूची तलफ कमी करण्याचे काही प्रयोग अलीकडे झाले आहेत. त्यांच्या आधारे हे उत्तर आपण तपासून पाहू या.

सुरुवात उंदरांपासून करू. 1954 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. पिंजऱ्यातील कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला सौम्य वीजप्रवाह मिळे. काही उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबू लागले! म्हणजे ‘पुन्हा हवे’ असे वाटायला लावणारी एक व्यवस्था मेंदूतच आहे. न्यूक्लियस ॲकम्बन्स हा मज्जापेशींचा छोटा पुंजका तिचा महत्त्वाचा भाग होय. मेंदूच्या पुढील बाजूस, खोलवर, डावीकडे व उजवीकडे तो एकेक असतो. आवडीचे अन्न मिळाले की तेथे डोपामिन हे रसायन स्रवते. दारूनेही ते स्रवते. वर्षानुवर्षे दारू घेतल्यावर ही व्यवस्था दारूशी इतकी जखडली जाते की बाटली दिसली, किंवा नुसती नेहमीची वेळ झाली, तरी तलफ येते. पिण्यातला आनंद संपला तरी तलफ संपत नाही.

तार बसवण्याचे तंत्र मात्र कंपाच्या उपचारातून आले. 1987 मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांना असे आढळले, की मेंदूच्या आतील भागाला जलद विद्युतस्पंद दिल्यास रुग्णाच्या हाताची थरथर थांबते. आज कंपवातासाठी हा उपचार रूढ आहे. कवटीला लहान छिद्र पाडून तारेचे टोक इष्ट जागी पोचवतात. दुसरे टोक त्वचेखालून नेऊन छातीवर बसवलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला जोडतात. यंत्र सेकंदाला साधारण 130 स्पंद पाठवते. मेंदूतील बिघडलेली लय हे स्पंद मोडतात, असे मानले जाते. मात्र त्यांच्या नेमक्या कार्याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. रक्तस्राव व जंतुसंसर्ग हे धोके आहेतच.

2007 मध्ये जर्मनीतील कोलोनच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. तीव्र चिंताविकारासाठी त्याच्या न्यूक्लियस ॲकम्बन्समध्ये तार बसवली होती. चिंता फारशी कमी झाली नाही. पण त्याचे जुने दारूचे व्यसन, कोणी त्यासाठी प्रयत्न केला नसताना, ओसरले. पुढे जर्मनीतच माग्डेबुर्ग येथे, इतर सर्व उपाय थकलेल्या पाच रुग्णांवर मुद्दाम हा उपचार करण्यात आला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष नीट वाचण्याजोगा आहे. तलफ पाचही जणांची गेली. दीर्घकाळ दारूपासून पूर्ण दूर राहिले ते मात्र दोघेच. उरलेल्या तिघांचे पिणे बरेच कमी झाले.

पण हा परिणाम विजेचा की ‘माझ्यावर मोठा उपचार झाला’ या विश्वासाचा? हे ठरवण्यासाठी तुलना हवी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत 12 रुग्णांना तारा बसवल्या, पण काहींचे यंत्र पहिले सहा महिने बंदच ठेवले. कोणाचे यंत्र चालू आहे हे ना रुग्णांना ठाऊक होते, ना तपासणाऱ्यांना. अखंड दारूमुक्त राहण्याच्या मुख्य कसोटीवर दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. मात्र चालू यंत्राच्या गटात दारूविना गेलेले दिवस अधिक होते आणि तलफ कमी होती. केवळ 12 जणांवरून अंतिम निर्णय देता येत नाही, म्हणून हा उपचार अजून प्रायोगिकच आहे. औषधे, समुपदेशन व व्यसनमुक्ती गटांचा आधार हेच आजचे नेहमीचे मार्ग आहेत.

आता आपल्या उत्तराकडे वळू. विजेच्या स्पंदांनी तलफ कमी होत असेल, तर तिला निव्वळ चारित्र्याचा दोष म्हणता येणार नाही. आणि तलफ जाऊनही तिघांचे पिणे पूर्ण सुटले नाही, तेव्हा तलफ म्हणजे सारे व्यसन नव्हे. रिकामी संध्याकाळ, जुनी संगत, घरातील तुटलेली नाती यांना तार पोचत नाही. तेथे निश्चय लागतो आणि माणसेही लागतात.

वर्गातला तो विद्यार्थी पुन्हा विचारील, तेव्हा त्याला सांगू या : ‘तुझ्या वडिलांना एक आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. त्यावर उपचार आहेत, ते वेळ घेतात, आणि ते घ्यायला वडिलांनाही पाऊल उचलावे लागते.’ ‘मनावर घ्या’ एवढेच सांगण्यापेक्षा हे उत्तर लांब आहे खरे. पण ते सत्याच्या अधिक जवळचे आहे.